मालवणमध्ये पावसामुळे डाइव्हिंग बंद : दिवस कुठे घालवावा आणि उद्याचे काय करावे?

प्रश्न : पुणेकर_अनघा

नमस्कार. मी आणि माझी महाविद्यालयात शिकणारी मुलगी स्कुबाच्या प्राथमिक प्रमाणपत्राचा अभ्यासक्रम करण्यासाठी दिवाळीच्या सुट्टीत मालवणला आलो आहोत. सोबत माझ्या सासूबाई आहेत. त्यांना गुडघ्यांचा त्रास असल्यामुळे फार पायऱ्या चढवत नाहीत; मात्र फिरण्याची हौस आमच्या दोघींपेक्षा त्यांनाच अधिक आहे. काल दुपारपर्यंत आमचे पाण्यातले धडे व्यवस्थित झाले. रात्रीपासून वारा सुटला आणि आज पहाटेपासून पाऊस एकसारखा कोसळतो आहे. आमच्या प्रशिक्षकांनी सकाळीच सांगितले की अरबी समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र असल्यामुळे बंदरावर धोक्याचा बावटा लागला आहे आणि आज होडी निघणार नाही. सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणारी होडीसेवाही बंद आहे.

माझे प्रश्न तीन आहेत. पहिला असा की, गाडी सोबत असताना सासूबाईंना झेपेल असा दिवस कुठे घालवता येईल? काही जणांनी आंबोलीचे नाव सुचवले आहे. दुसरा प्रश्न असा की, किनाऱ्यावर भेटलेल्या एका व्यावसायिकाने ‘पावसाने काय होते, पाण्याखाली पाऊस पडत नाही, जवळच्या जवळ नेऊन आणतो’ असे सांगून आजच डाइव्ह करवण्याची तयारी दाखवली. मुलगी त्यासाठी हट्ट धरून बसली आहे. तिला नाही म्हणताना मला नेमके कारण सांगता आलेले नाही. तिसरा प्रश्न उद्याचा आहे. उद्या सकाळी समुद्र निवळला, तर राहिलेल्या डाइव्ह पूर्ण करून दुपारच्या जेवणानंतर घाटमार्गे पुण्याला निघायचे, असे आम्ही ठरवले आहे. त्यात काही अडचण दिसते का?

प्रतिसाद १ : दांडीकर

अनघाताई, मी मालवणचाच. घरात पूर्वीपासून मासेमारी होती आणि आता धाकटा भाऊ पर्यटकांना समुद्रात नेतो, त्यामुळे आधी तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण तीच बाब महत्त्वाची आहे.

पाण्याखाली पाऊस पडत नाही, हे म्हणणे खरे आहे आणि म्हणूनच ते लोकांना पटते. नुसता पाऊस असेल आणि वारा पडलेला असेल, तर डाइव्ह होऊ शकते. आजचा अडथळा पाऊस नाही. वारा, लांबून येणारी लाटांची उसळ आणि गढूळ पाणी या तिन्ही गोष्टी आज एकत्र आल्या आहेत. किल्ल्याच्या आसपास ज्या खडकांवर शिकाऊ लोकांना नेतात, तिथली खोली साधारण पाच ते दहा मीटर असते. लाटेची हालचाल लाटेच्या लांबीच्या निम्म्या खोलीपर्यंत जाणवते. खोल समुद्रात दर दहा सेकंदांनी येणाऱ्या लाटेची लांबी सुमारे १५६ मीटर असते, म्हणजे तिचा हेलकावा ७८ मीटरपर्यंत पोहोचतो. किनाऱ्याजवळ उथळ पाण्यात तिची लांबी कमी होत असली, तरी सात-आठ मीटरवर त्या हेलकाव्यापासून सुटका नसते. खाली गेलेला माणूस एकदा खडकाकडे लोटला जातो आणि लगेच मागे ओढला जातो. आमच्याकडचे खडक कालवांनी आणि शिंपल्यांनी भरलेले असतात, हाताला नुसते घासले तरी कातडी सोलून निघते. अनुभवी माणूस अशा वेळी खडकापासून लांब राहतो. नव्या माणसाचे सारे लक्ष मास्क आणि श्वास यांतच गुंतलेले असते.

दुसरे कारण पाण्याच्या रंगाचे. दक्षिणेला देवबागच्या टोकाशी कर्ली नदी समुद्राला मिळते, उत्तरेला कोळंबची खाडी आहे आणि तिच्याही पुढे गड नदीची कालावलची खाडी. असा पाऊस झाला की तिन्हीकडून तांबडे पाणी समुद्रात येते आणि पाण्याखाली हाताच्या अंतरापलीकडचा माणूस दिसेनासा होतो. तुमचा प्रशिक्षक मुलीपासून दोन मीटरवर असूनही त्याला ती दिसली नाही, तर त्याच्या अनुभवाचा तिला काय उपयोग? शिवाय परत येताना होडीच्या शिडीला धरायचे असते. होडी वरखाली आपटत असेल, तर पाठीवर टाकी घेतलेल्या माणसासाठी डाइव्हचा सर्वांत धोक्याचा क्षण तोच असतो.

आमच्याकडे जुने लोक सकाळी दर्याकडे बघून ‘आज दर्यात जावचा नाय’ एवढेच म्हणत आणि त्यावर वाद होत नसे. आता हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा असतो, हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ संस्थेचा उंच लाटांचा इशारा मोबाईलवर पाहता येतो आणि बंदरावर बावटा असतो. हे सारे असताना जो माणूस पर्यटकाला आत नेण्याची भाषा करतो, त्याच्याकडे समुद्र शांत झाल्यावरही जाऊ नये, असे मी स्पष्टपणे सांगेन. सकाळी स्वतःहून नकार देणाऱ्या तुमच्या प्रशिक्षकांना आजच्या दिवसाचे उत्पन्न सोडावे लागले आहे. दिवाळीच्या हंगामातला एक दिवस आमच्या व्यवसायात फार मोठा असतो, कारण मेअखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत जलक्रीडा बंदच असतात. त्यांच्या नकाराची किंमत मुलीला समजावून सांगा.

आता पहिल्या प्रश्नाकडे येतो. आज गावात राहणार असाल, तर पावसाला उघडीप मिळताच दांडीच्या किनाऱ्यावरचा मोरयाचा धोंडा पाहून या. या खडकावर गणपती आणि चंद्र-सूर्य कोरलेले आहेत. सिंधुदुर्गाचे काम सुरू करण्यापूर्वी शिवाजी महाराजांनी येथे पूजा केली, असे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो आहोत. किल्ल्याचे काम १६६४ च्या नोव्हेंबरात कुरटे बेटावर सुरू झाले. आजच्यासारख्या दिवशी तटावर लाटा कशा फुटतात, हे किनाऱ्यावरून पाहिले म्हणजे सुमारे तीन किलोमीटर लांबीची ती भिंत नागमोडी का बांधली असावी, याचा अंदाज उघड्या डोळ्यांनी येतो. मुलीला हेही दाखवा की ती ज्या पाण्यात शिकते आहे, तो १९८७ साली जाहीर झालेल्या मालवण सागरी अभयारण्याचा परिसर आहे. शेजारचे पद्मगड बेट त्याच्या गाभा क्षेत्रात येते. धोंड्यापर्यंत जाताना वाळूतून चालावे लागते, त्यामुळे सासूबाईंना वाटेतच एखाद्या आडोशाला बसवावे. ओल्या खडकांवर मात्र कोणीही चढू नये. पावसाळी दिवशी येथे होणाऱ्या अपघातांत पाण्यात गेलेल्यांपेक्षा खडकावर उभे राहून लाट पाहणारेच जास्त असतात, असे आम्हां गावकऱ्यांना वाटते.

प्रतिसाद २ : निळाई

मी पुण्यात राहते आणि बरीच वर्षे डाइव्हिंग करते. तिसऱ्या प्रश्नावर लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण पुण्या-कोल्हापूरकडून येणाऱ्यांच्या हे सहसा लक्षात येत नाही.

डाइव्ह केल्यानंतर काही तास विमानप्रवास करू नये, हे अभ्यासक्रमात तुम्हाला शिकवले असेलच. दाबाखाली श्वास घेताना शरीरात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडतो. तो पुरेसा बाहेर पडण्यापूर्वी बाहेरचा दाब कमी झाला, तर त्याचे बुडबुडे होतात. शरीराला मात्र विमान आणि घाट यांतला फरक कळत नाही. त्याला फक्त दाब कमी झाल्याचे कळते. प्रचलित मार्गदर्शक सूचनेनुसार एकच साधी डाइव्ह असेल तर किमान १२ तास आणि एकाहून अधिक डाइव्ह किंवा लागोपाठच्या दिवशी डाइव्ह असतील तर किमान १८ तास थांबावे. ही सूचना सुमारे ६१० मीटरपासून २,४०० मीटरपर्यंतच्या उंचीच्या दाबाला लागू होते. आंबोलीची उंची सुमारे ६९० मीटर आहे. फोंडा किंवा गगनबावडा यांपैकी कोणत्याही वाटेने निघालात तरी सह्याद्री ओलांडावाच लागतो आणि पुढे पुणेही सुमारे ५६० मीटरवर आहे, म्हणजे समुद्रसपाटीला परत येणे होत नाही.

याचा अर्थ असा की, आज आंबोलीला जाण्यास या कारणाने हरकत नाही, कारण कालच्या दुपारपासून १८ तास उलटून गेले आहेत. मात्र उद्या सकाळी डाइव्ह करून दुपारी घाट चढण्याचा बेत मी कधीही करणार नाही. मालवणच्या शिकाऊ डाइव्ह उथळ असतात आणि त्यामुळे धोका कमी असतो, हे मान्य आहे. बहुतेकांना काही होतही नाही. परंतु तुम्ही एकदाच पाण्यात उतरवून आणलेल्या पर्यटक नाहीत, अभ्यासक्रमाच्या सलग डाइव्ह करत आहात आणि पहिल्या प्रमाणपत्रापासूनच ही शिस्त लागली पाहिजे. उद्या डाइव्ह केलीत तर परवा सकाळी निघा. रजा वाढवता येत नसेल तर उद्याची डाइव्ह सोडा. बहुतेक संस्थांमध्ये राहिलेला भाग ठरावीक मुदतीत, अगदी दुसऱ्या केंद्रावरही, पूर्ण करण्याची सोय असते. झालेल्या भागाची नोंद प्रशिक्षकांच्या सहीने लॉगबुकमध्ये करून घ्या आणि मुदत किती ते त्यांनाच विचारा.

प्रवासात किंवा घरी पोहोचल्यावर सांधे दुखणे, हातापायांना मुंग्या येणे, चक्कर किंवा अनाकलनीय थकवा जाणवला, तर ‘प्रवासाचा शीण असेल’ असे समजून झोपू नये. डॉक्टरकडे जावे आणि डाइव्ह केल्याचे आपण होऊन सांगावे. सगळ्याच डॉक्टरांना ते विचारण्याचे सुचत नाही.

प्रतिसाद ३ : कुडाळवासी

दोघांनीही योग्य तेच सांगितले आहे. माझे मत असे की, निळाईताईंच्या हिशेबाने चालत असले तरी आज आंबोलीला जाऊच नये. अशा पावसात घाटात धुके उतरते, पुढच्या गाडीचे दिवेसुद्धा नीट दिसत नाहीत आणि सासूबाईंना गाडीच्या काचेतून पांढऱ्या भिंतीखेरीज काही पाहायला मिळणार नाही. त्याऐवजी पायथ्याच्या बाजूचा बेत सुचवतो. जवळजवळ सगळे छपराखाली आहे आणि त्यात घाट चढावा लागत नाही.

मालवणहून चौके मार्गे कुडाळच्या रस्त्याला लागा. वाटेत धामापूरचा तलाव आणि काठावरचे भगवती देवीचे मंदिर आहे. हा तलाव १५३० सालचा असून सिंचनाची वारसा वास्तू म्हणून २०२० मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. पावसात चारही बाजूंची झाडी तलावात उतरल्यासारखी दिसते. पायऱ्या शेवाळलेल्या असतात, म्हणून सासूबाईंनी मंदिरातच बसून पाहावे, तिथूनही पाणी दिसते. पुढे नेरूरपारच्या पुलावर कर्ली नदी लागेल. दांडीकरांनी सांगितलेले तांबडे पाणी समुद्राकडे निघालेले मुलीला त्या पुलावरून प्रत्यक्ष पाहता येईल.

कुडाळजवळच्या पिंगुळीला अवश्य थांबा. ठाकर समाजातील कलावंत परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्याचे रूपांतर करून तिथे ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ हे संग्रहालय उभे केले. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. चित्रकथीच्या पोथ्या, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या असे तीन प्रकार तिथे एकत्र पाहायला मिळतात. चित्रकथी म्हणजे एकामागून एक चित्र समोर धरून रामायण-महाभारतातील प्रसंग गाऊन सांगणे. चामड्याच्या बाहुल्या हातात धरून दिव्यासमोर आणल्या की त्यांना पाडलेल्या बारीक छिद्रांतून प्रकाश येतो आणि पडद्यावर दागिने उमटतात. ही छिद्रे बाहुली उजेडात धरून जवळून पाहा, कारण दुरून ती लक्षात येत नाहीत. आधी फोन करून गेलात आणि घरातील कोणी मोकळे असेल, तर थोडा खेळही करून दाखवतात. अशा वेळी ठरलेले मानधन आनंदाने द्यावे, घासाघीस करू नये.

तिथून सावंतवाडी. राजवाड्याच्या दरबार दालनात गंजिफा, म्हणजे खेळायचे गोल पत्ते, हाताने रंगवणारे कलाकार बसलेले असतात. ही कला जवळपास संपत आली असताना सावंतवाडीच्या राजघराण्यातील शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी ती जिवंत ठेवली. दशावतारी गंजिफेत १२० पाने असतात. दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगाची बारा पाने, म्हणजे राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत. पाच रंगांत दश्शी मोठी, तर उरलेल्या पाचांत एक्का मोठा. दिवसा डाव असेल तर रामाचा राजा ज्याच्याकडे असेल तो सुरुवात करतो, रात्री कृष्णाचा. तुमच्या मुलीने मत्स्य आणि कूर्म या रंगांची पाने मुद्दाम मागून पाहावीत. नाण्यापेक्षा थोड्या मोठ्या वर्तुळात एकाच केसाच्या जाडीची रेघ ओढून मासळीचे खवले काढलेले असतात. मागच्या बाजूला लाखेचा गुळगुळीत थर असतो, त्यावर बोट फिरवले की कळते. राजवाडा दुपारी काही वेळ बंद असतो, म्हणून पिंगुळी आधी आणि सावंतवाडी नंतर हा क्रम पाळावा किंवा निघण्यापूर्वी वेळ विचारून घ्यावी. समोरच मोती तलाव आहे आणि जवळच चितार आळी. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची फळे आणि भाज्या तिथे अजूनही मिळतात. घेताना ती हातावर तोलून पाहा. पांगारा इतका हलका असतो की दुसरे लाकूड लगेच ओळखू येते.

परतताना अंधार पडण्यापूर्वी मालवण गाठावे. या रस्त्याला वळणे खूप आहेत आणि पावसात गुरे रस्त्यावर बसलेली असतात.

पुणेकर_अनघा

आपणां सर्वांचे मनापासून आभार. दांडीकरांचे लाटेच्या लांबीचे गणित मुलीने स्वतः वहीत करून पाहिले आणि तिचा हट्ट तिथेच संपला. निळाईताई, घाटाचा विचार आमच्या मनात खरोखरच आला नव्हता. आमच्या प्रशिक्षकांना विचारले तेव्हा त्यांनीही तेच सांगितले. यजमानांशी बोलून आम्ही एक दिवस मुक्काम वाढवला आहे. आता पिंगुळीला निघतो आहोत.

जाता जाता दोन गोष्टी विचारते. उद्या सकाळी पाऊस नसला तरी डाइव्ह करावी की नाही, हे आमच्यासारख्या नवख्यांनी कशावरून ओळखावे? आणि आज रात्री जेवायला काय मागवावे? होड्या गेल्याच नाहीत, तर ताजी मासळी कुठून येणार, असे सासूबाई विचारत आहेत.

प्रतिसाद ४ : दांडीकर

सासूबाईंचा प्रश्न अगदी बरोबर आहे आणि फार थोडे पर्यटक तो विचारतात. आज ट्रॉलर बंदरात आहेत आणि रापणही (किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे) ओढली जाणार नाही, म्हणून रात्री ताटात येणारा सुरमईचा तुकडा बर्फातला असण्याचीच शक्यता अधिक आहे. खानावळवाल्याला सरळ विचारा; चांगला माणूस खरे सांगतो. अशा दिवशी आमच्या घरी काळ्या वाटाण्याची उसळ आणि आंबोळ्या होतात किंवा कोंबडी-वडे. सुक्या बांगड्याची चव आवडत असेल तर तो चुलीवर भाजून, खोबरेल चोळून, भाताच्या पेजेबरोबर खातात. हॉटेलच्या यादीत हा पदार्थ नसतो, पण घरगुती खानावळीत मागितला तर करून देतात. सोलकढी कोणत्याही जेवणात चालते. बाजारातून आल्या-गुळाचे खाजे घ्या, मात्र हवा दमट असल्याने ते लगेच डब्यात घालून झाकण घट्ट लावा, नाहीतर सकाळपर्यंत मऊ पडतात.

उद्याबद्दल सांगायचे तर आकाशाकडे पाहून ठरवू नका. ऊन पडलेले असतानाही दूरवरच्या वादळाची उसळ किनाऱ्यावर येत राहते आणि आमच्याकडचे बरेचसे गैरसमज अशाच स्वच्छ सकाळी होतात. प्रथम बावटा उतरला का ते पाहा. त्यानंतर किनाऱ्यावर पाच-दहा मिनिटे उभ्या राहून लाटांचे अंतर मोजा. लाटा लहान दिसत असल्या तरी त्या दहा-बारा सेकंदांच्या अंतराने जड होऊन येत असतील, तर खाली ओढ आहे असे समजावे. मग पाण्याचा रंग पाहा. नद्यांचे पाणी पाऊस थांबल्याबरोबर थांबत नाही, डोंगरातले पाणी मागाहून येते, त्यामुळे एक-दोन दिवस गढूळपणा राहतोच. किल्ल्याच्या बाजूला तांबूस पट्टा दिसत असेल, तर डाइव्ह झाली तरी तुम्हाला त्यात शिकण्यासारखे काही दिसणार नाही. दोघींपैकी कोणाला आज भिजल्यामुळे सर्दी झाली, तर तिने समुद्र कितीही शांत असला तरी उतरू नये. नाक चोंदलेले असताना कानांतला दाब समान होत नाही आणि गोळी घेऊन खाली गेल्यास तिचा परिणाम पाण्यातच संपण्याची भीती असते.

शेवटचा निर्णय तुमच्या प्रशिक्षकांचा. ते उद्याही नाही म्हणाले, तर परवाचा दिवस तुम्ही राखून ठेवला आहे, पण परवा डाइव्ह केलीत तर निघण्याचा दिवस पुन्हा पुढे जाईल, हे मात्र आजच घरी सांगून ठेवा. वेटसूट खोलीत वाळत घातले असतील तर ते उलटे करून पंख्याखाली टांगा, कारण वीज गेली की उद्या ओलाच चढवावा लागेल.